रोमन प्रांतांतील ब्राँझची नाणी : कोणत्या शहराची आणि कुठे सापडलेली?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

प्राचीन रोमन नाण्यांच्या संग्रहाविषयी आपल्या पुरवणीत नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. सम्राटांचा क्रम, नाण्यांची मूल्ये आणि लिलावगृहांची कार्यपद्धती ही माहिती त्यात नेटकेपणाने आली आहे. मराठीत या विषयावर इतके सविस्तर लेखन क्वचितच होते, म्हणून लेखकाचे आभार मानले पाहिजेत. तथापि, रोमन प्रांतांतील ब्राँझच्या नाण्यांविषयी त्यात जी दोन विधाने आली आहेत ती नवशिक्या संग्राहकाला भलत्याच वाटेला लावणारी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले विधान असे की, सोन्या-चांदीची नाणी परवडत नसतील तर ही ब्राँझची नाणी म्हणजे स्वस्तातला पर्याय आहे. दुसरे असे की, मातीने माखलेल्या, साफ न केलेल्या नाण्यांचा ढीग एकदम विकत घ्यावा आणि घरबसल्या एकेक नाणे उजळत बसावे, यासारखा आनंद नाही. दोन्ही विधानांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. प्रांतिक नाण्याला सम्राटाचे नाणे समजले गेले आहे. ते मुळात शहराचे नाणे आहे, आणि हे एकदा मान्य केले की ते कसे पाहावे, कसे विकत घ्यावे आणि कसे जपावे, या सगळ्याच प्रश्नांची उत्तरे बदलतात.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. रोमन साम्राज्यात सोन्याचे नाणे पाडण्याचा अधिकार सम्राटाच्या हाती होता आणि चांदीवरही त्याचेच नियंत्रण असे. परंतु रोजच्या बाजारात लागणारी ब्राँझची मोड पाडण्याची मुभा साम्राज्यातील, विशेषतः त्याच्या पूर्वेकडील भागातील, असंख्य शहरांना होती. ज्युलियस सीझरची हत्या झाली त्या इसवी सनपूर्व ४४ या वर्षापासून ते इसवी सन २९६ च्या सुमारास अलेक्झांड्रियाची स्थानिक टाकसाळ बंद होईपर्यंत, म्हणजे सुमारे ३४० वर्षांच्या काळात, ५०० हून अधिक शहरांनी आपापली नाणी पाडली. पश्चिमेकडे, विशेषतः स्पेनमध्ये, ही प्रथा पहिल्या शतकाच्या मध्यालाच संपली. पूर्वेकडे, म्हणजे आजच्या ग्रीस, बल्गेरिया, तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन, इस्रायल, सायप्रस आणि इजिप्त या भूभागात, ती तिसऱ्या शतकापर्यंत जोमाने चालू राहिली. या नाण्यांवरील मजकूर बहुधा ग्रीक लिपीत असतो. ज्या शहरांना रोमन वसाहतीचा दर्जा होता, उदाहरणार्थ कॉरिंथ, बेरितस (आजचे बैरूत) किंवा डॅन्यूबकाठचे विमिनाशियम, त्यांची नाणी लॅटिनमध्ये बोलतात. आपल्या लेखातील एका चित्राखाली ‘एस’ आणि ‘सी’ ही दोन अक्षरे असलेले नाणे रोममध्येच पाडले गेले असे म्हटले आहे. त्याबाबतही सावध राहिले पाहिजे, कारण सीरियातील अँटिऑक येथे पाडलेल्या ब्राँझच्या नाण्यांवर हीच दोन अक्षरे भल्या मोठ्या आकारात, पानांच्या वर्तुळात कोरलेली आढळतात.

सम्राटाचे नाणे आणि शहराचे नाणे यांतला फरक एखादे नाणे प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. मार्किआनोपोलिस हे लोअर मोशिया प्रांतातले शहर होते. आज त्या जागी बल्गेरियातील देवन्या हे गाव आहे. तिथल्या एका सामान्य, बाजारात सहज मिळणाऱ्या नाण्याचे उदाहरण घेऊ. नाणे २७ मिलिमीटरच्या आसपास, वजन १२ ग्रॅमच्या आगेमागे. दर्शनी बाजूस दोन चेहरे एकमेकांकडे पाहत आहेत: डावीकडे डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला, दाढीवाला सम्राट मॅक्रिनस आणि उजवीकडे उघड्या डोक्याचा, दहा वर्षांच्या आसपासचा त्याचा मुलगा डायाड्युमेनियन. मागील बाजूस हायजिया ही आरोग्यदेवता हातातल्या पसरट वाडग्यातून नागाला खाऊ घालत उभी आहे. तिच्याभोवती प्रांताधिपती पाँटियानस याचे नाव आहे, त्यापुढे ‘मार्किआनोपोलिसच्या लोकांचे’ असा मजकूर आहे आणि मोकळ्या जागेत एकच ग्रीक अक्षर आहे, एप्सिलॉन. हे अक्षर म्हणजे ५ हा आकडा. नाण्याची किंमत ५ अस्सारिया, म्हणजे ब्राँझच्या मोडीची पाच एकके. मॅक्रिनस एप्रिल २१७ मध्ये गादीवर आला आणि जून २१८ मध्ये पराभूत झाला. पाठोपाठ मुलगाही मारला गेला. म्हणजे हे नाणे जेमतेम चौदा महिन्यांच्या पट्ट्यात बसते, त्या काळातील प्रांताधिपती कोण हे सांगते, स्थानिक चलनातील त्याची किंमत सांगते आणि कोणत्या दैवताचे चित्र त्या शहराने निवडले हेही दाखवते. रोममध्ये पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर यातल्या निम्म्या गोष्टीही सापडणार नाहीत. हे नाणे झिजलेले असले, त्याच्या कडा असमान असल्या, मध्यभागी तबकडी कातताना पडलेला बारीक खळगा दिसत असला, तरी त्याला पर्याय म्हणून हिणवणे मला पटत नाही.

प्रांतिक नाणे पाहताना नजर आधी मागील बाजूकडे जावी, असे मी म्हणतो ते याच कारणाने. सम्राटाचा चेहरा बहुधा स्थानिक कारागिराने दुसरी एखादी प्रतिमा समोर ठेवून कोरलेला असतो. इतकेच नव्हे, तर आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात, दर्शनी बाजूचा एकच ठसा शेजारपाजारच्या अनेक शहरांच्या नाण्यांसाठी वापरला गेल्याचे कोनराड क्राफ्ट या जर्मन नाणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवून दिले. ठसे कोरणाऱ्या मोजक्या कार्यशाळा पुष्कळ शहरांचे काम घेत होत्या. चेहरा असा सामाईक असू शकतो; मागची बाजू मात्र शहराची स्वतःची असते. तिथल्याच फ्रिजियातील अपामिया या शहराने सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसपासून फिलिपपर्यंतच्या काळात पाडलेल्या काही नाण्यांवर चक्क नोहाची नौका आहे. एका चौकोनी पेटीत एक पुरुष आणि एक स्त्री बसलेली आहेत, पेटीवर ग्रीक अक्षरांत नोहाचे नाव आहे, वर पक्षी आहेत आणि तेच जोडपे पेटीबाहेर पाऊल ठेवून हात वर करून उभे आहे. पेटी हे अपामियाचे जुने टोपणनाव होते, आणि महापूर ओसरल्यावर नौका आपल्याच डोंगरावर टेकली, असा त्या शहराचा अभिमान या चित्रामागे असावा असे मानले जाते. ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळण्याच्या कितीतरी आधी बायबलमधला प्रसंग एका ग्रीक शहराच्या सरकारी चलनावर आला, ही गोष्ट एरवी कोणी सांगितली तर विश्वास बसणे कठीण.

आशिया मायनरच्याच क्नायडस या शहरातील एका नाण्याची कामगिरी तर याहून मोठी आहे. ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलिसने घडवलेली प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडायटीची संगमरवरी मूर्ती प्राचीन जगात विख्यात होती, परंतु मूळ मूर्ती नष्ट झाली. रोमन काळात अ‍ॅफ्रोडायटीच्या नाना तऱ्हेच्या प्रतिकृती बनल्या. त्यांतली कोणती प्रतिकृती क्नायडसच्या मूर्तीवरून केलेली आहे, हे ठरवायला आधार मिळाला तो सम्राट कॅराकॅला आणि त्याची पत्नी प्लॉटिला यांच्या नावे क्नायडसने पाडलेल्या ब्राँझच्या नाण्याचा. त्यावर देवी विवस्त्र उभी आहे, एक हात अंगापुढे, दुसऱ्या हातातले वस्त्र शेजारच्या कलशावर टाकलेले. शिल्पकार फिडियासने ऑलिंपियासाठी केलेल्या झ्यूसच्या भव्य मूर्तीबाबतही असेच आहे. ती कशी दिसत होती याचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत ऑलिंपियाजवळच्या एलिस या शहराने पाडलेली नाणी. पर्गममची प्रसिद्ध वेदी, जिचे शिल्पपट आज बर्लिनमध्ये आहेत, तीही सेव्हेरसच्या काळातील पर्गममच्या एका मोठ्या ब्राँझच्या नाण्यावर दिसते. कॅपाडोशियातील सीझरिया आपल्या नाण्यांवर आर्गेयस पर्वत उभा करते, तर टायर आपला जांभळा रंग देणारा शंख दाखवते. अशी उदाहरणे द्यावीत तितकी थोडीच आहेत.

या शहरांना आपापसांतली चुरसही चांगलीच परिचित होती. सम्राटपूजेचे मंदिर सांभाळण्याचा मान ज्या शहराला मिळे ते ‘निओकोरोस’ म्हणवून घेई, आणि हा मान दोनदा मिळाला की तीनदा, हे नाण्यावर न चुकता नोंदवले जाई. एफिसस, स्मर्ना आणि पर्गमम यांची आशिया प्रांतात पहिले कोण यावरून इतकी जुंपली की सम्राट अँटोनायनस पायस याला पत्र लिहून त्यांची समजूत घालावी लागली. बिथिनियात निकाया आणि निकोमेडिया यांचे वैर पिढ्यानपिढ्या चालले. इसवी सन १९३ च्या यादवीत निकायाने सम्राटपदाचा दावेदार पेसेनियस नायजर याची बाजू घेतली, निकोमेडियाने सेव्हेरसची. आणि सेव्हेरस जिंकल्यावर निकायाचे मानाचे किताब गेले. स्मर्नामध्ये पोलेमॉन नावाच्या नामांकित वक्त्याने हेड्रियनचा लाडका सोबती अँटिनोअस याच्या प्रतिमेची नाणी ‘स्मर्नाच्या लोकांना अर्पण’ केल्याचे त्या नाण्यांवरच लिहिले आहे. म्हणजे नाणे पाडण्याचा खर्च एखादा धनवान नागरिक उचलीत असे आणि त्या बदल्यात त्याचे नाव गावभर हातोहाती फिरत असे. आजच्या फलकबाजीशी याची तुलना कोणाला करावीशी वाटली तर मी अडवणार नाही.

नाण्यावर नाव कोरले जाई तसेच ते खोडलेही जाई. स्पेनमधील बिल्बिलिस या गावाने इसवी सन ३१ मध्ये त्या वर्षाचे कॉन्सुल (रोमचे वर्षभरासाठी नेमलेले सर्वोच्च अधिकारी) म्हणून सम्राट टायबेरियस आणि त्याचा उजवा हात सेजानस यांची नावे नाण्यावर घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेजानसला देहदंड झाला आणि आज मिळणाऱ्या यातल्या कित्येक नाण्यांवरून त्याचे नाव घासून काढलेले दिसते. त्याहून बोलके उदाहरण आशिया मायनरच्या कॅरिया भागातील स्ट्रॅटोनिकियाचे. तिथल्या मोठ्या, जाड नाण्यांवर कॅराकॅला आणि त्याचा धाकटा भाऊ गेटा समोरासमोर होते. डिसेंबर २११ मध्ये कॅराकॅलाने गेटाला ठार करवले आणि त्याची आठवण पुसण्याचा हुकूम निघाला. आता त्या नाण्यावर डावीकडे कॅराकॅलाचा चेहरा शाबूत आहे, समोर मात्र छिन्नीने खरवडलेला सपाट, ओबडधोबड पट्टा आहे, आणि पुढे कधीतरी त्यावर छोटे गोल शिक्केही मारलेले आहेत. बोट फिरवले तर खरवडल्याच्या रेघा लागतात. असे नाणे ‘खराब स्थितीत’ या सदराखाली विक्रीला आले तर त्यात विक्रेत्याचे अज्ञान दिसते, एवढेच.

मूल्याविषयी थोडक्यात. कायोस बेटाच्या नाण्यांवर ‘ओबोलोस’, ‘दोन अस्सारिया’, ‘तीन अस्सारिया’ असे शब्दांत लिहिलेले आहे, पण बहुतेक शहरांनी मूल्य लिहिलेच नाही आणि ते वजनावरून ताडणे अवघड आहे, कारण एकाच ठशांच्या जोडीतून निघालेल्या दोन नाण्यांच्या वजनातही मोठा फरक पडतो. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर सम्राटांच्या चांदीच्या नाण्यातली चांदी इतकी घटली की ब्राँझचे वजनदार नाणे पाडणे आतबट्ट्याचे ठरू लागले. आशिया मायनरच्या पँफिलिया भागातील साइड या शहराच्या, सम्राट गॅलिएनसच्या काळातील नाण्यांवर १० आणि ११ असे मूल्याचे आकडे दिसू लागतात. सम्राट टॅसिटसच्या अल्प कारकिर्दीत, म्हणजे २७५-२७६ मध्ये, पर्गे येथे पाडलेल्या नाण्यांनंतर आशिया मायनरमधील शहरांची ही परंपरा थांबली. अलेक्झांड्रिया तेवढी आणखी वीसेक वर्षे चालली आणि डायोक्लीशियनच्या चलनसुधारणेत तीही सामावली गेली.

आता दुसऱ्या विधानाकडे येतो, कारण माझ्या पत्राचे खरे प्रयोजन तेच आहे. सोन्याचे नाणे साम्राज्यभर फिरे. ते कुठे सापडले यावरून ते कुठे पाडले गेले हे सांगता येत नाही आणि उलटही नाही. शहराचे ब्राँझचे नाणे हे मात्र मोड होते. ते सहसा त्या शहराच्या पंचक्रोशीतच खपे, आणि म्हणूनच ते जेव्हा दूर कुठेतरी सापडते तेव्हा त्यामागे काही कारण असते. युफ्रेटिसकाठच्या ड्युरा-युरोपोस या सरहद्दीवरील गावाचे उत्खनन १९२८ ते १९३७ या काळात येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमी यांनी केले. तिथे १४,००० हून अधिक नाणी मिळाली आणि त्यांची यादी आल्फ्रेड बेलिंजर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत अँटिऑक, एडेसा, कॅरी अशा त्या बाजूच्या शहरांची नाणी होती यात नवल नाही. पण काळ्या समुद्राकडील पाँटसमधील अमासिया आणि निओसीझरिया या दूरच्या शहरांची ब्राँझची नाणीही त्यांत मिळाली. पाँटसची मोड युफ्रेटिसपर्यंत एरवी कोण नेणार? सैन्याच्या हालचालींशी हा प्रवास जोडला जातो. निकायाचे एक छोटे नाणे आहे, ज्यावर तीन सैनिकी ध्वजदंड शेजारी शेजारी उभे असतात. सेव्हेरस अलेक्झांडर आणि गॉर्डियन तिसरा यांच्या काळातले हे नाणे आशिया मायनरमधले असूनही डॅन्यूबच्या प्रदेशात मोठ्या संख्येने सापडते. या साऱ्या गोष्टी नाण्यावर लिहिलेल्या नाहीत. नाणे कोणत्या जागी, कोणत्या थरात, कोणकोणत्या नाण्यांबरोबर मिळाले याची कोणीतरी नोंद ठेवली म्हणून त्या कळल्या.

साफ न केलेल्या नाण्यांचा ढीग म्हणजे नेमकी हीच नोंद पुसलेली नाणी. धातुशोधक यंत्र घेऊन कोणीतरी रात्री शेतात किंवा उजाड टेकाडावर उतरतो, मिळेल ते उकरतो, चांगली नाणी बाजूला काढतो आणि उरलेली वेगवेगळ्या ठिकाणच्या नाण्यांत मिसळून किलोवारी विकली जातात. एखाद्या हंड्यात एकत्र पुरलेली दोनशे नाणी पाच देशांत दोनशे घरी पोचली की तो हंडा पुन्हा कधीही जुळवता येत नाही. हे कायद्यातही बसत नाही. तुर्कस्तानच्या १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्यानुसार जमिनीतून निघालेली अशी पुराणवस्तू राज्याच्या मालकीची असते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. ग्रीस, बल्गेरिया, सायप्रस यांचे कायदेही याच दिशेचे आहेत. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. त्याच्या आधारे अमेरिकेने २००७ मध्ये सायप्रसच्या, २०१४ मध्ये बल्गेरियाच्या आणि २०२१ मध्ये तुर्कस्तानच्या प्राचीन नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले. आपल्या लेखात यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

याला संग्राहकांकडून दिले जाणारे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते सर्वस्वी पोकळ आहे असेही मी म्हणणार नाही. अशी नाणी लाखोंनी सापडतात, वस्तुसंग्रहालयांच्या कोठारांत ती पडून राहतात आणि या विषयातील कित्येक शोध हौशी संग्राहकांच्या बारकाईमुळेच लागले, असे ते म्हणतात. शेवटचा मुद्दा तर पूर्ण खरा आहे. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि पॅरिसचे फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालय यांनी हाती घेतलेल्या प्रांतिक नाण्यांच्या महासूचीचा पहिला खंड १९९२ मध्ये निघाला. त्यात इसवी सनपूर्व ४४ पासून इसवी सन ६९ पर्यंतची नाणी आहेत. पुढचे काम संगणकावर सर्वांसाठी खुले झाले असून त्यात खासगी संग्रहांतील आणि लिलावांतील नाण्यांचीही नोंद आहे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. संग्राहकाचे निरीक्षण इतके उपयोगी असेल, तर त्याच्या हातातल्या नाण्याची पूर्वकथा गहाळ होऊ देणे अधिकच अक्षम्य ठरते.

साफ करण्याबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘घरबसल्या उजळणे’ या शब्दप्रयोगाने पुष्कळ नुकसान होऊ शकते. शतकानुशतके जमिनीत राहिलेल्या ब्राँझवर हिरवा, तपकिरी किंवा काळसर थर बसतो, आणि अक्षरांचे, केसांचे, वस्त्राच्या चुण्यांचे बारकावे प्रत्यक्षात त्या थरातच टिकून असतात. आम्ल, लिंबाचा रस किंवा तारेचा ब्रश लावला की थराबरोबर तेही जातात आणि खाली उरतो तो खड्डे पडलेला लालसर धातू. शुद्ध केलेल्या पाण्यात दीर्घकाळ भिजवणे, पाणी पुन्हा पुन्हा बदलणे आणि बांबूच्या काडीने भिंगाखाली माती सैल करणे, याच्या पुढे हौशी माणसाने सहसा जाऊ नये. ज्याला ब्राँझचा रोग म्हणतात तो प्रकार वेगळा ओळखावा लागतो. धातूतील क्लोराइड ओलाव्याच्या आणि हवेच्या संपर्कात आले की फिक्या हिरव्या रंगाची भुकटी सुटू लागते आणि नाणे आतून पोखरले जाते. निरोगी थर कठीण असतो, नखाने निघत नाही. ही भुकटी मात्र टोचताच झडते. अशी नाणी ताबडतोब वेगळी काढून कोरड्या जागी ठेवावीत, आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नाण्यांसाठी मुळीच वापरू नयेत, कारण त्यांतून सुटणारी द्रव्ये काही वर्षांत धातूवर चिकट हिरवा थर आणतात.

बनावट नाण्यांपेक्षाही या क्षेत्रात अधिक फसगत होते ती अस्सल नाण्यावर केलेल्या हातचलाखीने. झिजलेल्या नाण्यावरचे केस, डोळे, मंदिराचे खांब बारीक हत्याराने पुन्हा कोरले जातात, मोकळी जागा घासून गुळगुळीत केली जाते आणि वर कृत्रिम हिरवा रंग चढवला जातो. ठशाच्या आघाताने उठलेली रेषा आणि कोरून काढलेली रेषा यांत फरक असतो: पहिलीच्या कडा धातू वाहत गेल्यासारख्या मऊ उतरतात, दुसरीच्या कडा तुटक असतात आणि तिच्या तळाशी हत्याराचा ओरखडा दिसतो. नक्षी टोकदार आणि शेजारची अक्षरे मात्र पार पुसट, अशी विसंगती दिसली की शंका घ्यावी. ओतीव नकला ओळखायला काठावरची सांध्याची रेघ, पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे खळगे आणि दोन नाण्यांवर तंतोतंत तीच ठेच किंवा तोच चरा असणे, या खुणा कामी येतात. वजन वर सांगितल्याप्रमाणे बेभरवशाचे असल्यामुळे केवळ तराजूवर विसंबून निर्णय घेऊ नये.

मग नवशिक्याने करावे तरी काय? माझी सूचना अशी की, सम्राटांची रांग पूर्ण करण्याच्या मागे न लागता त्याने एखादे शहर किंवा एखादा छोटा प्रदेश निवडावा आणि आधी त्याचा अभ्यास करावा. नाणे घेताना, ते सध्याच्या मालकाकडे कुठून आले, त्याआधी ते कोणत्या संग्रहात किंवा कोणत्या लिलावात होते आणि त्याचा छापील वा छायाचित्रित पुरावा आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. प्रश्न टाळणाऱ्या विक्रेत्याकडून, नाणे कितीही देखणे असले तरी, घेऊ नये. घेतलेल्या प्रत्येक नाण्याबरोबर त्याची चिठ्ठी असावी आणि तिच्यावर शहर, प्रांत, सम्राट, वजन, व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांची परस्परदिशा, खरेदीची तारीख आणि मिळालेली पूर्वपीठिका नोंदवावी. पूर्वीच्या मालकांच्या जुन्या चिठ्ठ्या, अक्षर लागत नसले तरी, फेकून देऊ नयेत. लिलावाच्या एखाद्या जुन्या यादीतील पुसट छायाचित्राशी नाण्याच्या काठावरची चीर जुळली आणि त्या नाण्याचा मागचा शंभर वर्षांचा प्रवास उलगडला, असे या क्षेत्रात घडते.

ज्यांच्या संग्रहात पूर्वीपासून अशी नाणी आहेत आणि ती कुठून आली हे सांगता येत नाही, त्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. ती टाकून देण्याने कोणाचाच लाभ होत नाही. त्यांची छायाचित्रे आणि वजने अभ्यासकांना उपलब्ध करून देता येतात, कारण ठशांच्या अभ्यासाला प्रत्येक नमुना उपयोगी पडतो. मात्र, अशा नाण्यांच्या चिठ्ठीवर ‘पूर्वपीठिका अज्ञात’ असे सरळ लिहावे. विक्रीच्या याद्यांत ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ हे शब्द कोणत्याही नावाशिवाय आणि वर्षाशिवाय छापण्याची जी रीत पडली आहे, तिला माहिती म्हणता येणार नाही, आणि खरेदीदाराने ती माहिती आहे असे समजून पैसे मोजू नयेत.

कळावे,

आपला,
एक वाचक आणि नाणेसंग्राहक